अँड्रॉइड १६ घेताना: आदली रात्र, पहिला तास, पहिला आठवडा

अपडेट झाल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस फोन गरम लागतो, बॅटरी दुपारीच निम्म्यावर येते आणि रोजची ॲप उघडायलाही वेळ लागतो. यावरून नव्या अँड्रॉइडबद्दल मत बनवू नका. त्या दिवसांत फोन आतल्या आत बरंच काम उरकत असतो. ते संपल्यावर फोन जसा चालतो, तोच अँड्रॉइड १६चा खरा अनुभव. म्हणून मत बनवायचं ते आठवड्याने, आणि तेही आधी ठेवलेल्या नोंदीशी ताडून. ही नोंद कशी ठेवायची, अपडेट कोणत्या दिवशी घ्यायचं आणि काही बिघडलंच तर ते आपोआप निवळेल की हात घालावा लागेल, ते इथे सातारा-सांगली भागातल्या वापराच्या हिशेबाने सांगतो आहोत.

गूगलने अँड्रॉइड १६ हे १० जून २०२५ रोजी पिक्सेल फोनवर आणलं, पिक्सेल ६पासून पुढच्या सगळ्यांना. सॅमसंगकडे ते वन यूआय ८ या नावाने येतं. आधीच विकल्या गेलेल्या फोनपैकी गॅलॅक्सी एस२५ मालिकेला ते सप्टेंबर २०२५मध्ये मिळायला सुरुवात झाली. शाओमीकडे हायपरओएस ३, ओप्पोकडे कलरओएस १६, विवोकडे ओरिजिनओएस ६. नाव काहीही असलं तरी खालचा पाया बहुतेक फोनमध्ये अँड्रॉइड १६चाच आहे. आपल्याकडचे बरेच फोन मधल्या किमतीचे, आणि अशा फोनला अपडेट उशिरा येतं. काही जण तर १४वरून मध्ये कमी दिवसांच्या अंतराने १५ आणि १६ अशा दोन उड्या मारतात. त्यांना दोन वर्षांचे बदल एकदम दिसतात, आणि 'सगळंच बदललं' ही तक्रार बहुतेकदा तिथूनच येते.

शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलला अपडेट आलं आणि आपल्याला नाही, यात काही बिघाड नसतो. कंपन्या ते टप्प्याटप्प्याने सोडतात. आधी थोड्या फोनना देतात, तक्रारी बघतात, मग बाकीच्यांना. फोनची तारीख पुढे-मागे करून किंवा प्ले सर्व्हिसेसचा डेटा पुसून ते लवकर येत नाही, उलट नवी दुखणी मागे लागतात.

कोणत्या दिवशी घ्यायचं

आपल्या मॉडेलला अपडेट आल्यावर दोन-तीन आठवडे थांबणं शहाणपणाचं. पहिल्या आवृत्तीतले ठळक दोष तेवढ्यात कळतात आणि दुरुस्तीचं छोटं अपडेटही बहुतेक वेळा येतं. पण वर्षभर टाळत राहू नका. तुमच्या मॉडेलला नवं अँड्रॉइड मिळालं की पुढचे सुरक्षा पॅच (सुरक्षेतली भोकं बुजवणारी छोटी अपडेट) त्याच नव्या आवृत्तीसाठी निघतात. जुन्यावर बसून राहिलेला फोन हळूहळू उघडा पडतो, आणि त्याच फोनवर बँकेचं ॲप असतं. दीड-दोन महिने ही थांबण्याची वरची मर्यादा धरा.

दिवस निवडताना कॅलेंडरपेक्षा आपल्या कामाचं वेळापत्रक बघा. तासगावात बेदाण्याचा सौदा आहे, सांगली मार्केट यार्डात हळद विक्रीला लावली आहे, ऊसतोडीची टोळी फडात उतरली आहे, ऑक्टोबरची फळछाटणी चालू आहे आणि मजुरांचे पैसे रोज फोनवरून जातात, अशा दिवसांत अपडेट नको. ई-पीक पाहणीची मुदत जवळ आली असेल तर आधी पाहणी उरका. दुकानदारांसाठी एक सोय आहे: काउंटरवरचा साउंडबॉक्स स्वतःच्या सिमवर चालतो, त्यामुळे फोन बंद असला तरी क्यूआरवर आलेले पैसे तो सांगतो. मात्र व्यापाऱ्याला पैसे पाठवायचे असतील तर फोनच लागतो. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी घेतलेलं अपडेट सगळ्यात सोयीचं, म्हणजे दुसरा दिवस तपासायला मोकळा मिळतो.

आदल्या रात्री

सगळ्यात आधी जीमेल. फोनमध्ये कोणतं गूगल खातं आहे आणि त्याचा पासवर्ड काय, हे ठाऊक असल्याशिवाय पुढे जाऊ नका. गावाकडे पुष्कळ फोनमधलं जीमेल दुकानात फोन घेताना दुकानदारानेच काढून दिलेलं असतं आणि पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. एरवी अडत नाही. पण अपडेटनंतर फॅक्टरी रीसेट (फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करणं) करायची वेळ आली की फोन तोच जुना खातेदार आणि पासवर्ड मागतो, आणि तो मिळेपर्यंत उघडत नाही. चोरीच्या फोनचा कुणाला उपयोग होऊ नये म्हणून ही कडी आहे, आणि अँड्रॉइड १५पासून ती चुकवणं आणखी अवघड केलं आहे. खात्री करायची सोपी रीत अशी: सेटिंग्जमध्ये गूगल उघडून वर दिसणारा ईमेल कागदावर लिहून घ्या, मग घरातल्या दुसऱ्या फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये तो ईमेल आणि पासवर्ड टाकून आत जाता येतं का ते बघा. जाता येत नसेल तर पासवर्ड आत्ताच बदला. फोन चालू असताना हे पाच मिनिटांचं काम आहे, फोन बंद पडल्यावर चार दिवसांचं. आई-वडिलांच्या फोनवर तर हे आधी करा, अपडेट राहिलं तरी चालेल.

मग व्हॉट्सॲप. सेटिंग्ज → चॅट्स → चॅट बॅकअप इथे शेवटचा बॅकअप कधीचा आहे ते बघा. तो महिन्यापूर्वीचा असेल तर गूगलची १५ जीबीची फुकट जागा भरली असण्याची शक्यता जास्त, कारण व्हॉट्सॲपचा बॅकअप आता त्याच जागेत मोजला जातो. बॅकअपमधून व्हिडिओ वगळा, म्हणजे तो बराच लहान होतो. बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावलं असेल तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ आकडी की लिहून ठेवा. ती हरवली तर बॅकअप असून नसल्यासारखा.

फोटो ओटीजी पेनड्राइव्हवर किंवा कॉम्प्युटरवर उतरवा. सिक्युअर फोल्डर किंवा प्रायव्हेट स्पेस या फोनमधल्या कुलूपबंद जागेत ठेवलेली कागदपत्रं नेहमीच्या बॅकअपमध्ये येतातच असं नाही, ती हाताने बाहेर काढून वेगळी ठेवा.

जागा किती लागते? अपडेटची फाइल साधारण दीड ते चार जीबीची असते, पण ती उलगडायला आणि बसवायला जास्त जागा लागते. ८ ते १० जीबी मोकळी ठेवा. ६४ जीबीच्या फोनमध्ये ही जागा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आलेल्या व्हिडिओंनी खाल्लेली असते. व्हॉट्सॲपमध्ये स्टोरेज अँड डेटा → मॅनेज स्टोरेज उघडलं की ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइलींची यादी मिळते, तिथून पुसा.

शेवटी नोंद. चार स्क्रीनशॉट पुरतात: बॅटरीच्या पानावरचा दिवसभराचा वापर, स्टोरेजचं पान, अबाउट फोनमधली आवृत्ती आणि सुरक्षा पॅचची तारीख, आणि होम स्क्रीन. बॅटरीचा स्क्रीनशॉट तीन वेगवेगळ्या दिवसांचा घ्या, कारण लग्नात दिवसभर व्हिडिओ काढलेल्या दिवशीचा आकडा तुलनेला उपयोगी नाही. हे सगळे स्क्रीनशॉट फोनबाहेरही पाठवून ठेवा. मग प्ले स्टोअरमध्ये जाऊन सगळी ॲप अपडेट करा. जुनी ॲप घेऊन नव्या अँड्रॉइडवर गेल्याने जेवढा त्रास होतो, तेवढा अँड्रॉइडमुळे होत नाही.

डाउनलोड: रोजच्या डेटाचं गणित

वाय-फाय असेल तर प्रश्न नाही. नसेल तर आपला रिचार्ज बघा. रोज दीड किंवा दोन जीबीचा पॅक असेल आणि अपडेट तीन जीबीचं असेल, तर मध्येच कोटा संपतो, वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि डाउनलोड थबकल्यासारखं दिसतं. ते बिघडलेलं नसतं. रोजचा कोटा मध्यरात्री नव्याने मिळतो, म्हणून रात्री अकराच्या सुमारास सुरू करा: आजचा उरलेला डेटा बारापर्यंत वापरला जातो आणि पुढचा उद्याच्या कोट्यातून. ज्यांच्या पॅकमध्ये ५जी अमर्याद आहे आणि घरात ५जी खरंच पकडतं, त्यांना ही कसरत नको. डाउनलोड अर्धवट तुटलं तर बहुतेक फोन जिथे थांबलं तिथूनच पुढे घेतात.

पाटणच्या खोऱ्यात, जावळीत किंवा जतच्या काही गावांत रेंज येते-जाते. तिथे साताऱ्याला, कराडला किंवा मिरजेला कामासाठी आल्यावर फक्त डाउनलोड करून घ्या आणि बसवायचं काम घरी करा. डाउनलोड आणि इन्स्टॉल या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, मधे दिवसभराचं अंतर असलं तरी बिघडत नाही.

रस्ता असा: पिक्सेल आणि त्याच्यासारख्या फोनमध्ये सेटिंग्ज → सिस्टीम → सॉफ्टवेअर अपडेट, सॅमसंगमध्ये सेटिंग्ज → सॉफ्टवेअर अपडेट → डाउनलोड अँड इन्स्टॉल. बाकी फोनमध्ये सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'अपडेट' लिहिलं की ते पान सापडतं. अपडेट या पानावरूनच येतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, खाली तिचं काम आहे.

बसवताना

बॅटरी ५० टक्क्यांच्या वर आणि चार्जर जोडलेला. कव्हर काढा, फोन लाकडी टेबलावर ठेवा, उशीवर किंवा गादीवर नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याच्या खोलीत हे करू नका. तापलेला फोन स्वतःहून वेग आणि चार्जिंग दोन्ही कमी करतो, आणि अर्ध्या तासाचं काम लांबतं.

वीज गेली तर? फोन स्वतःच्या बॅटरीवर चालतो, त्यामुळे इन्स्टॉल चालू असताना लाइट गेली तरी बॅटरी भरलेली असेपर्यंत धोका नाही. राउटर बंद पडेल, पण फाइल आधीच उतरलेली असेल तर नेटची गरजच नसते. बॅटरी २० टक्क्यांवर असताना चार्जरच्या भरवशावर सुरू करणं मात्र धोक्याचं.

फोन दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात सिस्टीमच्या दोन जागा असतात: तुम्ही एकीवर काम करत असता आणि अपडेट दुसरीवर बसतं. हे मागे चालू असताना फोन वापरता येतो, शेवटी फक्त रीस्टार्ट लागतो, आणि नवी बाजू सुरूच झाली नाही तर फोन आपोआप जुन्या बाजूवर परततो. पिक्सेल आणि अलीकडचे बहुतेक फोन असेच आहेत. दुसऱ्या प्रकारात, विशेषतः जुन्या सॅमसंगमध्ये, फोन बंद होऊन निळसर किंवा काळ्या पडद्यावर टक्केवारी दाखवत अपडेट बसवतो. तो अर्धा तास फोनला हात लावू नका. टक्केवारी एका आकड्यावर पाच-सात मिनिटं अडकली म्हणून पॉवरचं बटण दाबून धरणं हाच फोन कायमचा अडकण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

'रात्री आपोआप बसवा' हा पर्याय सोयीचा आहे, पण एक लक्षात घ्या. रीस्टार्टनंतर पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत फोनमधला तुमचा डेटा कुलपात असतो. त्या अवस्थेत फोन वाजतो, पण नाव न दिसता नुसता नंबर दिसतो, व्हॉट्सॲपचे मेसेज येत नाहीत, बोटाचा ठसाही चालत नाही. पहाटे उठून आधी पिन टाका. सिमला पिन लावलेला असेल तर तो टाकेपर्यंत फोन लागतच नाही, म्हणजे विहिरीवरच्या मोटरचा मोबाइल स्टार्टर तुम्हाला कॉल करत असेल तर तोही पोहोचत नाही.

पहिला तास: या क्रमाने तपासा

१. दोन्ही सिमवरून एकेक कॉल आणि एकेक एसएमएस. एसएमएस जायलाच हवा, कारण यूपीआय त्यावर अवलंबून आहे.

२. यूपीआय ॲप उघडा, शिल्लक बघा, घरातल्याच कुणाला एक रुपया पाठवा. साध्या अपडेटने नोंदणी सहसा तुटत नाही. ॲपने पुन्हा नंबर तपासायला सांगितला तर बँकेत दिलेलं सिम निवडा आणि त्या सिमचा रिचार्ज चालू आहे ना ते बघा. रिचार्ज संपलेल्या दुसऱ्या सिमवरून एसएमएस जात नाही आणि ॲप नुसतं फिरत राहतं.

३. बँकेचं ॲप 'हे उपकरण सुरक्षित नाही' म्हणत असेल तर सेटिंग्जमधले डेव्हलपर ऑप्शन्स (ॲप बनवणाऱ्यांसाठीचे पर्याय) बंद करा. यूएसबी डीबगिंग चालू असेल तर काही बँकांची ॲप उघडत नाहीत.

४. अलार्म, बोटाचा ठसा, गाडीचं किंवा कानातलं ब्लूटूथ. ब्लूटूथ जोडलेलं दिसतं पण आवाज येत नाही, असं झालं तर दोन्हीकडून जुनी जोडणी विसरायला लावून नव्याने जोडा. गाडीच्या सिस्टीममधूनही फोनचं नाव पुसायचं, ते लोक विसरतात.

५. मराठी कीबोर्ड. मराठी भाषा यादीतून गेली असेल तर जीबोर्डच्या भाषांमध्ये पुन्हा जोडा. बोलून टाइप करणं नेटशिवाय हवं असेल तर मराठीचं ऑफलाइन पॅक मिळतं का ते तिथेच बघा.

६. प्ले स्टोअर पुन्हा उघडा. अपडेटनंतर नव्या सिस्टीमसाठी ॲपच्या वेगळ्या आवृत्त्या येतात, त्या घ्या. विशेषतः अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू. बऱ्याच ॲपच्या आतली पानं हाच घटक दाखवतो. मार्च २०२१मध्ये एकट्या वेबव्ह्यूच्या सदोष आवृत्तीमुळे जगभर अँड्रॉइडवरची ॲप धडाधड बंद पडत होती आणि लोक फोनला दोष देत होते.

पहिला आठवडा: बॅटरी आणि उष्णता

अपडेटनंतर फोनमधलं प्रत्येक ॲप नव्या सिस्टीमसाठी पुन्हा तयार करावं लागतं. त्यातलं थोडं काम अपडेटच्या वेळीच होतं, बाकीचं मागे पडतं. हे उरलेलं काम फोन दोन अटींवर करतो: चार्जर जोडलेला हवा आणि फोन कुणी वापरत नसावा. म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री फोन चार्जरला लावून स्क्रीन बंद करून निवांत ठेवा. दिवसा दहा-दहा मिनिटं चार्ज करणाऱ्यांच्या फोनमध्ये हेच काम आठ-दहा दिवस रेंगाळतं आणि 'अपडेटने बॅटरी खाल्ली' असं वाटत राहतं. शिवाय फोटोंची यादी नव्याने बनते, आणि कोणती ॲप तुम्ही किती वापरता हे बॅटरीची व्यवस्था पुन्हा शिकते.

चौथ्या दिवसापासून बॅटरीचं पान रोज त्याच वेळी बघा आणि जुन्या स्क्रीनशॉटशी ताडा. स्क्रीन तेवढेच तास चालू असताना संध्याकाळी पाच-सात टक्के कमी उरले, तर ते सोडून द्या. पंधरा-वीस टक्क्यांचा फरक असेल तर वरून पहिली तीन ॲप बघा. उघडलंही नाही असं एखादं ॲप तिथे दिसलं, तर त्याचं अपडेट घ्या, नसेल तर काढून पुन्हा टाका. सिस्टीम किंवा मोबाइल नेटवर्क वर दिसत असेल तर प्रकरण बहुतेकदा रेंजचं असतं: ५जी अर्धवट पकडणाऱ्या जागी फोन सतत ५जी-४जी असा उड्या मारतो. घाटमाथ्यावर किंवा डोंगराच्या आडच्या गावात राहत असाल तर पसंतीचं नेटवर्क ४जी करून दोन दिवस बघा. फरक पडला तर तेच कायम ठेवा.

शाओमी, विवो, ओप्पो, रियलमी यांच्या फोनमध्ये उलटी तक्रारही येते: मेसेज उशिरा येतात, दूध संस्थेच्या किंवा हवामानाच्या ॲपची सूचना येतच नाही. अपडेटनंतर ऑटोस्टार्टची परवानगी आणि बॅटरीची सूट मूळ स्थितीवर जाऊ शकते. त्या ॲपच्या माहितीपानावर जाऊन ऑटोस्टार्ट चालू करा आणि बॅटरीसाठी 'निर्बंध नाही' निवडा. हे चार-पाच गरजेच्या ॲपपुरतंच करा, सगळ्यांना दिलंत तर बॅटरी टिकणार नाही.

बिघाड नाही, बदल आहे

एका ॲपच्या सूचना आता एकाखाली एक न येता गठ्ठ्याने येतात. गठ्ठ्यावर बोट ठेवून खाली ओढलं की सुट्या होतात. पिक्सेलमध्ये लागोपाठ मेसेज आले की आवाज हळूहळू मंद होतो. ग्रुपवर शंभर मेसेज पडले की फोन गप्प झाल्यासारखा वाटतो तो यामुळे. सेटिंग्ज → नोटिफिकेशन्समध्ये नोटिफिकेशन कूलडाउन बंद केलं की पूर्वीसारखा वाजतो. कॉल आणि अलार्मवर याचा परिणाम नाही.

सॅमसंगवर सगळ्यात जास्त गोंधळ वरच्या पडद्याचा. वन यूआय ७पासून उजव्या कोपऱ्यातून खाली ओढलं की बटणं आणि बाकीच्या भागातून ओढलं की सूचना, असे दोन वेगळे पडदे झाले. ज्येष्ठांना हे अजिबात सोसत नाही. बटणांच्या पडद्यावर पेन्सिलचं चिन्ह → पॅनल सेटिंग्ज → टुगेदर निवडा, जुनी सवय परत मिळते.

काही ॲपमध्ये तळाचं 'सबमिट'चं बटण खालच्या तीन बटणांच्या पट्टीआड जातं. नव्या नियमानुसार ॲपने पूर्ण पडदा व्यापायचा असतो, आणि ज्या ॲपने त्याची नीट काळजी घेतलेली नाही तिथे हे होतं. ॲपचं अपडेट येईपर्यंत नेव्हिगेशन तीन बटणांऐवजी जेश्चरवर (बोट सरकवून चालवणं) ठेवलं की पट्टी बारीक होते आणि बटण हाताला लागतं.

जुनं ॲप पुन्हा टाकताना 'हे ॲप या आवृत्तीशी जुळत नाही' असं आलं तर तेही ठरवून आहे. फार जुन्या अँड्रॉइडसाठी बांधलेली ॲप नव्याने बसवायला अँड्रॉइड १४पासून बंदी आहे आणि १५मध्ये ती आणखी कडक झाली. आधीपासून असलेलं ॲप चालत राहतं, म्हणून असं एखादं हिशेबाचं ॲप वापरत असाल तर ते काढून टाकू नका, आधी त्यातला डेटा बाहेर घ्या.

ई-पीक पाहणीचं एक वेगळंच. हंगामातून एकदाच उघडलं जाणारं ॲप काही महिने पडून राहिलं की अँड्रॉइड त्याच्या परवानग्या स्वतःहून काढून घेतं. हे अपडेटमुळे होत नाही, पण दोष अपडेटला मिळतो. ॲपच्या परवानग्यांत कॅमेरा आणि लोकेशन पुन्हा द्या, आणि लोकेशन देताना 'अचूक' निवडलेलं आहे ना ते बघा. 'अंदाजे' निवडलं तर फोन साधारण तीन चौरस किलोमीटरच्या टापूत कुठेतरी तुम्हाला दाखवतो. गटात उभं राहूनही ॲपच्या लेखी तुम्ही शेजारच्या शिवारात असता. त्याच पानावर तळाशी न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या काढण्याचं बटण आहे, ते या ॲपपुरतं बंद करा.

अँड्रॉइड १६मध्ये ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन नावाचं एक मोठं कुलूप आलं आहे. एका बटणात चोरीपासूनचं संरक्षण, अनोळखी ठिकाणच्या ॲपना बंदी, लॉक असलेल्या फोनच्या यूएसबीला अटकाव, आणि सलग ७२ तास लॉक राहिल्यास आपोआप रीस्टार्ट असं सगळं मिळतं. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर हे चालू करावं असं आमचं स्पष्ट मत आहे, एका अपवादाने: ते २जी बंद करतं. जिथे एअरटेल किंवा व्हीआयचं फक्त २जी पोहोचतं अशा वाडीवस्तीवर साधे कॉल लागणार नाहीत. आधी त्या घरात उभं राहून रेंजच्या दांडीशेजारी काय दिसतं ते बघा, मग ठरवा.

खरंच बिघडलं तर

उपायांचा क्रम हलक्याकडून जडाकडे ठेवा. आधी साधा रीस्टार्ट. मग त्या एका ॲपचा कॅशे (तात्पुरत्या साठवलेल्या फाइली) पुसणं. 'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर डेटा' यांत गल्लत नको, दुसऱ्याने ॲपमधलं सगळं जातं. त्यानंतर सेफ मोड, म्हणजे तुम्ही टाकलेली ॲप बंद ठेवून फोन चालू करणं: पॉवर मेनूतल्या 'पॉवर ऑफ'वर बोट दाबून धरलं की पर्याय येतो. सेफ मोडमध्ये फोन नीट चालला तर दोष तुम्ही टाकलेल्या एखाद्या ॲपचा आहे, अँड्रॉइडचा नाही. नेट किंवा कॉलचाच त्रास असेल तर नेटवर्क सेटिंग रीसेट करा. त्यात साठवलेले वाय-फायचे पासवर्ड जाऊ शकतात, ते आधी लिहून ठेवा.

सॅमसंगमध्ये आणखी एक पायरी आहे. फोन बंद करून केबलने कॉम्प्युटरला जोडा, आवाज वाढवायचं बटण आणि पॉवर एकत्र दाबून धरा. येणाऱ्या यादीतून 'वाइप कॅशे पार्टिशन', आणि अलीकडच्या फोनमध्ये 'रिपेअर ॲप्स' हेही करा. याने तुमचा डेटा जात नाही. पण त्याच यादीत कॅशेला लागूनच 'वाइप डेटा' ही ओळ असते, तिच्यावर बोट गेलं तर सगळं गेलं. आवाजाच्या बटणाने एकेक ओळ खाली या आणि पॉवर दाबण्याआधी ओळ पुन्हा वाचा.

फॅक्टरी रीसेट हा शेवटचा उपाय. तो केल्यावर यूपीआयची नोंदणी नव्याने करावी लागते, आणि नव्या नोंदणीनंतर पहिल्या २४ तासांत ५,००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात. मोठा व्यवहार तोंडावर असेल तर आधी तो उरका.

पडद्यावर हिरवी किंवा गुलाबी उभी रेष आली असेल तर यातलं काहीच करू नका. स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या फोनवर पाठवा. तिथे रेष दिसत नसेल तर दोष डिस्प्लेचा आहे, रीसेटने तो जाणार नाही. अपडेटची तारीख दिसेल असा फोटो, बिल आणि रेषेचा फोटो घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा.

जुन्या अँड्रॉइडवर परत जाणं बहुतेक फोनमध्ये सोपं नाही. डेटा पूर्ण पुसला जातो, आणि काही फोनमध्ये फोन सुरू करणारा बूटलोडरच जुनी आवृत्ती नाकारतो. पिक्सेल ६ मालिकेत अँड्रॉइड १३नंतर १२कडे परतण्याचा रस्ता असाच बंद झाला होता. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर काय किंवा सांगलीच्या स्टेशन चौकात काय, कुणी 'सॉफ्टवेअर मारून देतो, जुनं करून देतो' म्हणालं तर आधी दोन प्रश्न विचारा: डेटा राहणार का, आणि हे सॉफ्टवेअर भारतातल्या याच मॉडेलचं आहे का. दुसऱ्या देशाचं सॉफ्टवेअर चढवलेल्या फोनला पुढची अपडेट मिळायची थांबू शकतात आणि बँकेची ॲप अडून बसतात.

खोटं अपडेट

मोठं अपडेट चर्चेत असलं की व्हॉट्सॲपवर 'नवीन अँड्रॉइड इथून घ्या' अशी एपीके (ॲप बसवणारी) फाइल फिरायला लागते. आरटीओ चलान आणि पीएम किसानच्या नावाने येतात त्याच जातीची. अँड्रॉइड कधीही व्हॉट्सॲपवरून, एसएमएसमधल्या लिंकवरून किंवा कुणाच्या फोन कॉलवरून येत नाही. वर सांगितलेल्या सेटिंग्जच्या पानावर नसेल तर ते अपडेट नाही. अशी फाइल उघडली गेली असेल तर आधी डेटा आणि वाय-फाय बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून यूपीआय आणि नेट बँकिंग थांबवा, आणि १९३० वर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर पहिल्या तासाभरात तक्रार केली की पुढच्या खात्यात रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. नंतर सेफ मोडमध्ये जाऊन ते ॲप काढा. 'अनइन्स्टॉल' दबतच नसेल तर त्याने डिव्हाइस ॲडमिनची किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी घेतलेली असते, ती आधी काढा.

आयफोनवाल्यांसाठी थोडक्यात

आयओएस २६ हे १५ सप्टेंबर २०२५ला आलं, आयफोन ११पासून पुढे. बॅटरीचं गणित तेच: पहिले काही दिवस मागे काम चालतं, थांबा. पारदर्शक काचेसारख्या नव्या रूपात अक्षरं वाचायला त्रास होत असेल तर सेटिंग्ज → ॲक्सेसिबिलिटी → डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझमध्ये रिड्यूस ट्रान्सपरन्सी चालू करा. आयक्लाउडची फुकट जागा ५ जीबीच आहे, म्हणून बॅकअप कॉम्प्युटरवर घ्या. जुन्या आवृत्तीवर परतायची मुभा ॲपल थोडेच दिवस ठेवतं आणि नंतर कायमची बंद करतं. नको वाटलं तर ते पहिल्या आठवड्यातच ठरवायचं.